चेंडूच्या पुढचा खड्डा

गोल्फच्या जगात सर्वांत जास्त वेळा पाहिला गेलेला आयर्नचा फटका एका फोटोत आहे, आणि त्या फोटोत फटका सोडून बाकी सगळं आहे. खेळाडूचा चेहरा दिसत नाही, कारण तो पाठमोरा उभा आहे. चेंडू दिसत नाही, कारण तो केव्हाच सुटला आहे. क्लब चेंडूला भिडला तो क्षण तर हुकलेलाच आहे. दिसतं ते एवढंच: डोक्यावर पांढरी टोपी, डाव्या खांद्यावरून मागे गेलेला क्लब, उजव्या पायाची टाच वर आणि बुटाच्या तळाचे खिळे कॅमेऱ्याकडे. पलीकडे लांबवर ग्रीनभोवती कोंडाळं करून उभी असलेली माणसं.

हा बेन हॉगन. 10 जून 1950, शनिवार. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या मेरियन क्लबाचं मैदान, यूएस ओपन स्पर्धेचा शेवटचा होल. फोटो काढला हाय पेस्किनने. सोळा महिन्यांपूर्वी टेक्सासमध्ये भर धुक्यात समोरून आलेल्या बसने हॉगनच्या मोटारीचा चेंदामेंदा केला होता. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर आडवा झाला आणि त्यामुळेच स्वतःही वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या बसायच्या जागेतून आरपार गेला. कंबरेचं हाड, खांद्याजवळचं हाड, घोटा, बरगडी, मोडायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. हा गडी पुन्हा चालेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका. तो त्या शनिवारी पायांना पट्ट्या गुंडाळून छत्तीस होल चालला, आणि शेवटच्या होलला, चार फटक्यांत काम झालं तरच बरोबरी अशा अवस्थेत, त्याने दोनशे यार्डांहून लांब असलेल्या ग्रीनवर चेंडू नेऊन ठेवला. बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी तिघांमध्ये पुन्हा अठरा होलचा सामना झाला आणि हॉगनने तो चार फटक्यांनी जिंकला. त्या सामन्यात लॉइड मँग्रमने चेंडूवर बसलेला किडा फुंकून उडवण्यासाठी चेंडू उचलला, म्हणून त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. किडा उडाला की नाही याची नोंद कुणी ठेवलेली नसावी. गोल्फला कोर्टकचेरीची हौस पहिल्यापासून.

हॉगनच्या हातात त्या वेळी होतं एक नंबरचं आयर्न. आयर्नमध्ये नंबर जितका कमी तितका क्लबचा चेहरा उभा, दांडा लांब आणि स्वभाव वाईट. एक नंबरचं तर इतकं तुसडं की आता ते कुणाच्या बॅगेत दिसतही नाही. गोल्फपटू ली ट्रेव्हिनो गमतीने सांगायचा, की वादळात सापडलात तर एक नंबरचं आयर्न आकाशाकडे धरून चालावं, ते देवालाही मारता येत नाही. ट्रेव्हिनोला हा विनोद शोभतो. 1975 मध्ये एका स्पर्धेत त्याच्यावर खरोखरच वीज पडली होती.

हॉगनचा तो क्लब त्याच दिवशी चोरीला गेला, आणि तीसहून अधिक वर्षांनी सापडून आता अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात विसावला आहे. चोराचंही फारसं चुकलं म्हणता येणार नाही. अशा फटक्यातली जादू नक्की कुठे असते हे ठरवायची वेळ आली, की निम्मी माणसं क्लब घेऊन पळतात. उरलेली निम्मी त्या फोटोसारखी उभी राहतात.

ही दुसरी जमात पाहायची असेल तर रविवारी सकाळी पुण्याच्या कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर जावं. ओळीने आखलेल्या जागा, खाली हिरवी चटई, शेजारी चेंडूंची बादली, समोर अंतराच्या पाट्या. डाव्या हातात नवाकोरा पांढरा मोजा. तिपाईवर मोबाइल, कॅमेरा चालू. मंडळी क्लब मागे नेतात, खाली आणतात, खट् असा आवाज होतो आणि चेंडू पन्नासची पाटीही न गाठता डावीकडच्या जाळीला जाऊन टेकतो. पण आपले गृहस्थ हलत नाहीत. कंबर वळलेली, छाती समोर, उजवी टाच वर, क्लब खांद्यावरून मागे, नजर क्षितिजाकडे. चेंडू जाळीखालून घरंगळत परत येऊन थांबतो, तरी ते तसेच. व्हिडिओ बघायला मात्र धावत जातात, आणि बघून समाधानाने मान हलवतात. वर्णन करताना मीही या ओळीत कुठे उभा असतो ते सांगायची गरज नाही.

व्यावसायिक खेळाडू फटक्यानंतर असा तोलून उभा राहतो, कारण फटका तोलून बसलेला असतो. आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. पंगतीतल्या शेवटच्या ढेकरेवरून आमटीची कृती शोधून काढावी, तसा हा प्रकार. त्यात ढेकरेची नक्कल अगदी हुबेहूब जमते, हेच त्यातलं दुर्दैव.

आपल्याकडे घराघरांत गोल्फ पहिल्यांदा मन लावून पाहिला गेला तो 7 ऑगस्ट 2021 च्या पहाटे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या फेरीला दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि आदल्या रात्रीपर्यंत ज्यांना बर्डी म्हणजे पक्षी एवढंच ठाऊक होतं ती मंडळी सकाळच्या चहाला तिच्या पटिंगच्या लाइनबद्दल मत देत होती. तिच्या बॅगेचा भार आईने उचललेला, म्हणून आयांना विशेष जिव्हाळा. एका फटक्याने पदकाच्या झटापटीतून ती बाहेर राहिली, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्ण आणलं आणि देश गोल्फ विसरला. पण त्या सकाळी ज्यांच्या डोळ्यांत तो खेळ शिरला त्यांपैकी काहींच्या डोळ्यांतून तो निघालाच नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला होता, आणि तेव्हा अमेरिकेच्या टूरवर खेळणाऱ्या अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे काही जणांनी गोल्फ हा जवळपास कोथरूडचाच खेळ आहे असं ठरवून टाकलं.

माझा भाचा त्यातला. शिकलेला इंजिनिअर, त्यामुळे कुठलीही गोष्ट करण्याआधी ती मोजतो. त्याच्या मोबाइलमध्ये पडदा मधोमध दुभागलेला असतो: डावीकडे व्यावसायिक गोल्फपटू अ‍ॅडम स्कॉट, उजवीकडे भाचा. दोघांच्याही हातात सात नंबरचं आयर्न. पडद्यावर बोटाने रेघा ओढायची सोय आहे. डोक्याभोवती वर्तुळ, पाठीच्या कण्यावर रेघ, दांड्यावर रेघ, ढुंगणामागे उभी रेघ. "मामा, बघ. कंबर माझी याच्या आधी पुढे येतेय." मी बघतो. मला दिसतं ते असं, की डावीकडचा माणूस फटका मारतोय आणि उजवीकडचा माणूस हिशेब करतोय. एकदा त्याने फारच काळजीने विचारलं, की स्कॉटचा दांडा खाली येताना धनुष्यासारखा वाकतो, माझा का नाही वाकत? तो मोबाइलच्या कॅमेऱ्याचा खेळ निघाला. कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो, तेवढ्या वेळात क्लब पुढे सरकलेला असतो, म्हणून सरळ दांडा पडद्यावर वाकडा दिसतो. दांडा खरोखरही थोडा लवतो, पण इतका नाही. भाचा जरा हिरमुसला. त्याला वाटलं होतं, मूळ सापडलं.

स्लो मोशन हे तर आणखी कपटी प्रकरण. त्यात खेळाडू इतक्या निवांत क्लब वर नेतो, वर जरा टेकतो, खाली आणतो, की वाटतं, अरे, घाई नको, एवढंच गुपित! मग आपण चटईवर उभे राहून क्लब सावकाश वर नेतो. वर गेल्यावर थोडं थांबतो. तिथे घरचे विचार, ऑफिसचे विचार, मनगट कुठे असावं याचे विचार, सगळे गाठतात. जॉन नोव्होसेल या अमेरिकी गृहस्थांनी मोठमोठ्या खेळाडूंच्या चित्रफितींतल्या चौकटी मोजून 2004 मध्ये एक पुस्तक काढलं. त्यांना आढळलं ते असं, की क्लब वर न्यायला लागतो त्याच्या एक तृतीयांश वेळात तो चेंडूपर्यंत खाली येतो, आणि हा सगळा कारभार सेकंदभरात, फार तर थोड्या जास्त वेळात, आटोपतो. वर न्यायला साधारण पाऊण सेकंद, खाली यायला पाव. ज्यांना आपण संथ समजतो ते आपल्यापेक्षा चपळ असतात. आपणच वर जाताना रेंगाळतो आणि खाली येताना गाडी चुकल्यासारखे धावतो.

आता त्या पाव सेकंदाचा विचार करा. डोळ्याला काही दिसून हाताने त्यावर काही करायचं म्हटलं तर त्यातच जवळपास पाव सेकंद जातो. म्हणजे क्लब खाली यायला लागला की दुरुस्तीची खिडकी बंद. आणि क्लब व चेंडू यांची भेट? सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेवढ्यात चेंडू चेपतो, फुगतो, गरगरत सुटतो. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू मिनिटाला सुमारे सात हजार फेऱ्यांच्या वेगाने उलटा फिरत जातो, घराच्या आठ-नऊ मजल्यांएवढा वर चढतो आणि 170 यार्डांच्या आसपास हवेतूनच कापून ग्रीनवर आपटून जागीच थबकतो. ज्याला फटका म्हणायचं तो दोन हजारावा भाग कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो मारणाऱ्यानेही नाही.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर मान वर न करण्याच्या सल्ल्याबद्दलही बोलायला हवं. गोल्फमध्ये फुकट मिळणारी ही एकमेव वस्तू. चेंडू जमिनीलगत सरपटत गेला, की आजूबाजूचे चार जण, ज्यांचा स्वतःचा चेंडू नुकताच पाण्यात गेला आहे तेसुद्धा, एका सुरात म्हणतात, "मान उचललीत." आणि तिकडे आनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड ड्युव्हल, दोघेही जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले, चेंडूला क्लब भिडण्याच्या आधीच मान फिरवून लक्ष्याकडे बघायला लागायचे. चित्रफिती उपलब्ध आहेत. भाच्याला दाखवल्या. तो म्हणाला, "ते अपवाद, मामा." असतील. पण डोकं खाली खिळवून ठेवलेला माणूस अंग पुढे नेऊ शकत नाही, वजन मागच्या पायावर अडकून राहतं आणि क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो, हे दर आठवड्याला पाहायला मिळतं. त्याला अपवाद फारसे नाहीत.

हॉगननेही शिकवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. 1955 मध्ये 'लाइफ' मासिकाने त्याचं गुपित मोठ्या गाजावाजाने छापलं: क्लब वर असताना डावं मनगट किंचित मागे मुडपायचं. अमेरिकेत लाखो मनगटं मुडपली गेली असतील. हॉगनला हे करावं लागे, कारण त्याचा चेंडू जास्तच डावीकडे वळायचा. ज्यांचा आधीच उजवीकडे जायचा त्यांनी तेच केलं तर काय होणार हे उघड आहे. दोन वर्षांनी त्याचं पाच धड्यांचं पुस्तक आलं, आणि त्यात हे मनगटाचं गुपित सांगितलेलंच नाही. त्याऐवजी अँथनी रॅव्हिएलीने काढलेलं एक अप्रतिम चित्र आहे: चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली एक मोठी काच, त्यातून हॉगनचं डोकं बाहेर आलेलं, आणि क्लब त्या काचेच्या खालून न्यायचा. चित्र पाहिलं की सगळं समजतं. क्लब हातात घेतला की आधी काचेच्या फुटण्याची भीती वाटते.

मग बघून कुणाला येतच नाही का? येतं. बॉबी जोन्सला आलं. अटलांटाजवळच्या ईस्ट लेक क्लबात 1908 मध्ये स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीचा प्रशिक्षक आला. अबोल माणूस, शिकवण्याची फार हौस नसलेला. सहा वर्षांचा बॉबी त्याच्या मागे मागे हिंडायचा, त्याचे फटके पाहायचा आणि घरी जाऊन तसेच मारायचा. त्याला नकलांचा नाद होता. क्लबातल्या वजनदार मंडळींचे स्विंग तो अंगणात करून दाखवायचा आणि मोठी माणसं हसून बेजार व्हायची. कार्नूस्टीहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने लांबून बॉबीला पाहिलं आणि त्याला वाटलं मेडनच खेळतोय, असं सांगतात. त्या पोराने पुढे 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतर जोन्सने काय केलं? लोकांनी बघून शिकावं म्हणून सिनेमे काढले. 1931 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याचे बारा लघुपट केले. पटरवर एक, ड्रायव्हरवर एक, मधल्या आयर्नवर एक. हॉलिवूडचे नट त्यात आपापले खराब फटके घेऊन हजर होते. त्यांतले फटके खरोखर खराब होते, अभिनय करावा लागला नाही, असा माझा अंदाज. हे लघुपट चित्रपटगृहांतून लाखोंनी पाहिले. जोन्सचा स्विंग इतका मोकळा, इतका लडिवाळ, की आजही पाहताना मन निवतं. पण त्या सिनेमांतून दुसरा बॉबी जोन्स काही निपजला नाही.

आपल्या देशातही बघून शिकलेले आहेत. दिल्लीचा अली शेर मुळात कॅडी. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता शिकला आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक झाला. दोन वर्षांनी पुन्हा जिंकला. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखायचे. हा तोच क्लब, 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा कुंपणाआतच वाढला, साहेबांचे फटके बघत. त्यानेही इंडियन ओपन दोनदा जिंकली, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ. हॉगन स्वतः टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला कॅडी होता, आणि त्याच क्लबात त्याच वेळी त्याच्या वयाचा बायरन नेल्सनही कॅडी होता. दोन पोरं, एकाच मैदानावर बॅगा वाहणारी, दोघंही पुढे जगात गाजली. हे निव्वळ योगायोगावर सोडून द्यायला माझं मन घेत नाही.

पोराची आणि कॅडीची नजर आपल्यापेक्षा वेगळी असते. त्यांना फटका आवडलेला असतो. मनगट किती अंशांत आहे हे त्यांना माहीत नसतं आणि विचारायची सोयही नसते, त्यामुळे ते माणूस अख्खा उचलतात, चालण्याच्या ढबीसकट. शिवाय ते दिवसभर तिथेच असतात. आपण रविवारी तासभर जातो आणि माणसाचे तुकडे करून घरी आणतो: याचं मनगट, त्याची कंबर, तिसऱ्याचा गुडघा. त्या तुकड्यांची घरी जुळणी केली की उभा राहतो तो कुणीच नसतो.

आपल्या मराठी मुलखातल्या अंगांची आणखी एक अडचण आहे, क्रिकेट. गल्लीत, चाळीच्या चौकात, शिवाजी पार्कावर जे हात घडले ते चेंडू येण्याची वाट पाहणारे हात आहेत. इथे चेंडू येतच नाही. तो पडून असतो, बघत. त्यातून उंच मारायचा तर चेंडूच्या खाली जायचं आणि वर उचलायचा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आयर्नला नेमकं हेच चालत नाही. चेंडू वर जायला हवा असेल तर मारायचं खाली. सात नंबरच्या क्लबचा चेहराच तीस अंशांहून थोडा अधिक मागे कललेला असतो. वर चढवायचं काम त्याचं, आपलं नव्हे. मोठे खेळाडू सात नंबरने मारताना क्लब सुमारे चार अंशांनी खाली उतरत असतानाच चेंडूला गाठतात. आधी चेंडू, मग माती. क्लबच्या वाटेतली सगळ्यात खालची जागा चेंडूपाशी नसते, चेंडूच्या पुढे तीन-चार इंचांवर असते. हात त्या क्षणी क्लबच्या डोक्याच्या पुढे असतात, वजन बव्हंशी डाव्या पायावर गेलेलं असतं. हे ऐकून पटत नाही. चेंडू वर जाण्यासाठी खाली मारा म्हटलं की शहाणीसुरती माणसंही संशयाने बघतात.

रेंजवर जे सर शिकवतात त्यांचं एक लक्षण मला सुरुवातीला उद्धटपणाचं वाटलं होतं. आपण मारतो तेव्हा ते चेंडूकडे बघतच नाहीत. खाली बघतात. मारणारा वळून विचारतो, "सर, कसा होता?" ते जमिनीकडे बघत सांगतात, "उजवीकडे. छोटा पडला." आणि चेंडू उजवीकडे छोटाच पडलेला असतो. काही आवाजावरून, बाकी मातीवरून. हे अर्थात चटईवर चालत नाही, पलीकडच्या गवताच्या पट्ट्यावर. चटई फार मायाळू असते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी ती त्याला खाली जाऊ देत नाही, वरच्यावर घसरवून चेंडूपर्यंत पोहोचवते, आणि चेंडू बऱ्यापैकी जातोही. तोच फटका गवतावर मारला, की मातीचं मोठं ढेकूळ चेंडूच्या पुढे जाऊन पडतं.

मी एकदा त्या गवताच्या पट्ट्यावर एका तरुण व्यावसायिक खेळाडूला आयर्न मारताना जवळून पाहिलं. सरांनी शिकवलेल्या रीतीने पाहिलं, म्हणजे चेंडूकडे पाठ आणि जमिनीकडे तोंड. त्याने मारण्याआधी गवतावर रांगोळीची एक बारीक पांढरी रेघ ओढली होती आणि तिच्यावर चेंडू ठेवत होता. पहिला फटका झाला. चेंडू होता तिथली रांगोळी थोडी उडाली होती, रेघेमागचं गवत जसंच्या तसं, एक पातंही दुमडलेलं नाही. रेघेच्या पुढे मात्र हाताच्या पंज्याएवढा लांबट, उथळ खड्डा. कडा साफ, तळ सपाट, आत ओली काळी माती आणि तुटलेली पांढरी मुळं. उपटलेला तुकडा पुढे पाचेक पावलांवर. त्याने दुसरा चेंडू त्याच रेघेवर किंचित बाजूला ठेवला. दुसरा खड्डा पहिल्याला चिकटून. मग तिसरा. थोड्या वेळाने रेघेच्या पुढच्या बाजूला खरवडलेला एक सलग पट्टा तयार झाला, आणि त्या पट्ट्याची मागची कड रेघेला इतकी समांतर होती की पट्टी लावून आखल्यासारखी वाटावी. शेजारच्या जागी आमच्यातले एक हौशी गृहस्थ खेळत होते. त्यांचे खड्डे रेघेच्या मागे, पुढे, बाजूला, कुठे खोल, कुठे नुसतं गवत चाटून गेलेले. एक खड्डा तर असा आडवा, की ते कुठल्या दिशेला खेळत होते असा प्रश्न पडावा. दोघांच्याही शेवटच्या पोझमध्ये मला फरक करता आला नसता.

म्हणून मी भाच्याला सांगितलं आहे, तो दुभागलेला पडदा थोडे दिवस बंद ठेव. टीव्हीवर स्पर्धा लागली, की कॅमेरा चेंडूमागे आकाशात जातो. तो जाऊ दे. पुन्हा दाखवतील तेव्हा खाली बघ. मातीचा तुकडा कधी उडतो, चेंडूच्या आधी की नंतर, एवढंच बघ. बाकी कंबर, कोपर, खांदे, ज्याचं त्याला. मैदानावर जाऊन एखादी स्पर्धा पाहायची संधी मिळाली तर दोरीच्या अलीकडून खेळाडूचा चेहरा न्याहाळत बसू नकोस, तो पुढे गेल्यावर त्याने काढलेला खड्डा बघून घे. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. आणि रांगोळी घरात असतेच. भाच्याने ती नेली. आठवडाभराने फोन आला, की रेघेच्या पुढे एक खड्डा पडला. एकच. त्याने त्याचा फोटो पाठवला. चेंडू कुठे गेला हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता एक विनंती. खड्डा चेंडूच्या मागे पडो की पुढे, पाडल्यावर तसाच टाकून पुढे जाऊ नका. उडालेला तुकडा सापडला तर उचलून आणा, जागेवर बसवा, बुटाने दाबा. उष्ण हवेच्या मैदानांवर बर्म्युडा जातीचं गवत असतं, त्याचा उपटलेला तुकडा सहसा पुन्हा मूळ धरत नाही, म्हणून तिथे वाळू भरायची पद्धत आहे. कॅडीकडे पिशवी असेल तर मागून घ्या आणि स्वतः भरा, त्यात कमीपणा काही नाही. मागून येणाऱ्याने फेअरवेच्या अगदी मधोमध सुंदर फटका मारलेला असतो आणि त्याचा चेंडू घरंगळत जाऊन नेमका त्या खड्ड्यात बसतो. गोल्फच्या नियमांत त्याला तिथून चेंडू उचलायची सवलत नाही.